फुग्यांच्या टोप्या (भाग ६) : शेपटीचा हिशेब

विणीच्या टोपीत तीन गोष्टी असतात: डोक्याभोवतीचा पट्टा, पट्ट्यावर उभे केलेले फुगे आणि त्या उभ्या फुग्यांना बांधत गोल फिरणारा आडवा फुगा. मागच्या भागातली कमानीची टोपी दोन-तीन फुग्यांत होत होती. इथे नऊ-दहा लागतात. फुगा तोच, २६० जातीचा, म्हणजे पूर्ण फुगल्यावर २ इंच जाड आणि ६० इंच लांब. १ इंच जाडीच्या १६० फुग्याची वीण जास्त देखणी येते, पण ओळी दुप्पट घालाव्या लागतात, आणि रांगेत उभ्या असलेल्या पोरांना तेवढा धीर नसतो.

मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५५ ते ५८ सेंटीमीटर. ५७ धरला आणि पट्ट्याचे सहा सारखे बबल पाडले, तर एकेक बबल साडेनऊ सेंटीमीटरचा होतो. दोन बबलांमधल्या प्रत्येक पिळात एक उभा फुगा गाठीच्या बाजूने अडकवायचा. उभे फुगे अर्धेच फुगवले तरी चालते. वीण होते तेवढी त्यांची उंची पुरते. वरचा भाग कापून गाठ मारता येते किंवा तुऱ्यासारखा मोकळा ठेवता येतो.

आता वीण. आडव्या फुग्याचे टोक पहिल्या उभ्या फुग्याला बांधायचे. एक बबल पाडायचा आणि त्याचा पीळ दुसऱ्या उभ्या फुग्याच्या पिळात फिरवून अडकवायचा. असे करत सहाव्यापर्यंत गेले की पहिल्यापाशी परतून एक ओळ पुरी होते. दोन ओळींमध्ये उभ्या फुग्याचा बबल ५ सेंटीमीटरचाच ठेवावा. आडवी ओळ स्वतः २ इंच, म्हणजे तेवढीच जाड असते. त्यामुळे ओळी एकमेकींना टेकतात आणि मधे भोक राहत नाही. आकार ठरतो तो आडव्या बबलांच्या लांबीवर. पहिल्या ओळीत साडेनऊ, दुसरीत आठ, तिसरीत साडेसहा असे घटवत गेले की टोपी घुमटासारखी मिटत जाते. उलट वाढवत नेले तर वर पसरते आणि फुलदाणी होते. लहान मुलांना बहुधा फुलदाणीच हवी असते.

टोपी बिघडते ती बोटांमुळे कमी आणि शेपटीमुळे जास्त. शेपूट म्हणजे टोकाचा न फुगवलेला भाग. तो का ठेवायचा हे कळायला फुग्याचा एक विचित्र गुण लक्षात घ्यावा लागतो. रबर पहिल्यांदा ताणायला सर्वांत जास्त दाब लागतो. एकदा फुगवटा तयार झाला की तो कमी दाबावर पुढे सरकत जातो. म्हणून तर लांब फुगा सगळीकडून सारखा जाड होत नाही. एका बाजूला पूर्ण फुगलेला आणि दुसरीकडे चपटा, अशी त्याची अवस्था असते आणि दाब जवळपास स्थिर राहतो. पीळ दिला की तिथली हवा पुढे ढकलली जाते. पुढे शेपूट असेल तर ती थोडी फुगते आणि दाब फारसा वाढत नाही. शेपूट संपलेली असेल तर हवेला जागाच उरत नाही, दाब झपाट्याने चढतो आणि पुढच्या एखाद्या पिळाला फुगा फुटतो. फुटतो तो हातातल्या पिळापाशीच असेही नाही. म्हणून नवशिक्या दोष फुग्याला देतो.

म्हणजे जितके पीळ जास्त, तितकी शेपूट लांब. पहिल्या दोन ओळींना ५७ आणि ४८ मिळून १०५ सेंटीमीटर फुगा लागतो आणि त्यात बारा पीळ येतात. फुग्याची लांबी १५० सेंटीमीटर. वीतभर शेपूट सोडली तरी दोन ओळी एका फुग्यात बसतात. तिसरीही त्यातच ओढायचा मोह होतो, तो टाळावा. गाठ मारण्यापूर्वी तोंडाशी थोडी हवा सोडली तर फुगा आणखी मऊ पडतो आणि पीळ बिनतक्रार बसतात.

एका वाचकाने विचारले आहे की बुरूड टोपलीच्या उभ्या काड्या विषम ठेवतात, मग इथे सहा कसे चालतात. प्रश्न रास्त आहे. टोपलीत आडवी कांब एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून जाते. काड्या सम असतील तर दुसऱ्या फेरीत ती पुन्हा त्याच काड्यांच्या पुढून जाते आणि वीण धरत नाही. विषम असतील तर दर फेरीला क्रम आपोआप उलटतो. सम काड्यांवर विणायचेच तर दोन कांबी एकीमागून एक फिरवाव्या लागतात. फुग्यांच्या वरच्या पद्धतीत पुढून-मागून काही नसते. प्रत्येक भेटीत पिळाची कुलूपबंदी असते, म्हणून सहा, सात, आठ, काहीही चालते. मात्र पीळ न देता फुगा नुसता आत-बाहेर ओवायचा असेल तर बुरुडाचाच नियम लागतो आणि सात उभे फुगे घ्यावे लागतात. ही ओवीव टोपी लवकर होते आणि तिला मोठ्या शेपटीची गरज नसते, पण तिचे फुगे घसरतात आणि उभे फुगे मधे दबून वाकडे होतात. दिसायला बरी, डोक्यावर कुचकामी.

पिळाच्या विणीचा आणखी एक फायदा असा की एक बबल फुटला तरी त्याच्या दोन्ही बाजूंचे पीळ अडकलेले असतात, त्यामुळे शेजारचे बबल बहुधा टिकतात. टोपीचा खरा शत्रू ऊन. उन्हात रबराची चकाकी जाते, पृष्ठभाग धुरकट होतो. गडद रंग लवकर तापतात आणि आधी फुटतात. उघड्या मैदानावर पांढरे आणि फिके फुगे घ्यावेत.

आदी सोमेख आणि छायाचित्रकार चार्ली एकर्ट यांनी १९९६ ते १९९९ मध्ये देशोदेशी फिरून लोकांच्या डोक्यावर फुग्यांच्या टोप्या चढवल्या आणि २००१ मध्ये ‘द इन्फ्लेटेबल क्राउन’ हे पुस्तक काढले. त्यांचा भाग आज येणार होता. काड्यांच्या प्रश्नाने जागा खाल्ली, तो पुढच्या आठवड्यात. तोवर घरी वीण करून पाहणाऱ्यांना एकच विनंती: फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच वेचून टाकावेत. लहान मुलाच्या घशात ते अडकू शकतात. अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालील मुलांसाठी तशी सूचना छापावीच लागते.