इंजिन बंद पडले, आता काय?

दोस्तांनो, एक गणित सोडवा पाहू. पिकांवर औषध फवारणारे विमान ताशी १८० किलोमीटर वेगाने चालले आहे. म्हणजे सेकंदाला किती मीटर? बरोबर, ५०! आणि जमिनीपासून उंची? जेमतेम ३-४ मीटर. अशा वेळी इंजिन बंद पडले तर?

प्रवासी विमान खूप उंचावर असते. इंजिने थांबली तरी ते दगडासारखे पडत नाही, तरंगत बरेच अंतर कापते. वैमानिकाला विचार करायला वेळ मिळतो. फवारणीच्या वैमानिकाकडे तो वेळच नसतो. म्हणून तो विचार आधीच करून ठेवतो. काम सुरू करण्यापूर्वी शेतावरून एक चक्कर मारून विजेच्या तारा, झाडे आणि मोकळी जागा हेरतो.

इंजिन थांबताच तो एक दांडा ओढतो. टाकीचे दार उघडते आणि सारे औषध काही सेकंदांत खाली! 'एअर ट्रॅक्टर ५०२' या अमेरिकन विमानाची टाकी सुमारे १,९०० लिटरची. भरली, की जवळजवळ तीन मारुती ८०० गाड्यांचे ओझे! ते गेले की विमान हलके होते. मग उरलेल्या वेगावर नाक जरा वर करून तो थोडी उंची मिळवतो आणि वेग फार घटण्याआधी नाक पुन्हा खाली घेतो.

आता उतरायचे ते समोरच. मागे वळायचा मोह टाळायचा. कमी वेगात गर्रकन वळले, तर पंखांना तोलून धरणारा हवेचा जोर संपतो आणि विमान कोसळते. शेतात उतरायचे तेही सऱ्यांच्या दिशेने. आडवे गेले, तर चाके अडकून विमान उलटू शकते.

एवढे करूनही विमान आदळले तर? याचा विचार फ्रेड वाइक या अमेरिकन अभियंत्याने केला. त्यांचे 'एजी-१' विमान १९५० साली टेक्सासमध्ये उडाले. त्यात वैमानिक उंचावर बसे आणि टाकी त्याच्या पुढे असे. धडक बसली की आधी नाक चेपायचे, धक्का तिथेच जिरायचा. पुढे अनेक फवारणी विमाने याच धर्तीवर बनली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या 'बसंत' विमानातही (पहिले उड्डाण १९७२) वैमानिकाची जागा उंचावरच होती.

मोटारींचे नाकही आता असेच, धक्का जिरवत चेपते. पण माणूस जागेवर घट्ट बसलेला असेल तरच त्याचा उपयोग. फवारणीचा वैमानिक खांद्यावरचे पट्टे आवळल्याशिवाय इंजिन सुरू करत नाही. मोटारीत बसल्यावर तुम्ही काय करता? आणि हो, आई-बाबांनाही विचारा!