जुना घाट, घरची शिवण

हैदराबादच्या मुस्लिम घरांत लग्नाला वधूच्या अंगावर खडा दुपट्टा असतो. नावात दुपट्टा असला तरी हा पुरा पोशाख आहे: आत चोली, वर बिनबाह्यांची झिरझिरीत कुर्ती, चुडीदार आणि अंगाभोवती घेऊन खांद्यांवर व कमरेशी टाचलेला सहावारी दुपट्टा. आसफजाही काळात नावारूपाला आलेला हा पेहराव आजही शिवला जातो, आणि घरी मशीन मांडून ऑर्डरी घेणाऱ्या बाईसाठी त्यात शिकण्यासारखं खूप आहे.

जुन्या घाटाचा कपडा म्हटला की आधी जरीची किनार आठवते. हैदराबादच्या लाड बाजारात ती वारावर मिळतेही. पण कपडा जुन्या वळणाचा दिसतो तो कापामुळे.

चुडीदारच घ्या. त्याचं कापड उभ्या धाग्यावर न बेतता उरेब, म्हणजे तिरपं बेततात. जुनी पद्धत अशी की आधी कापडाची तिरपी थैली शिवायची आणि मग तिच्यावर पाय बेतायचे. तिरपं कापड ताणलं जातं, म्हणून ते पोटरीला घट्ट बसूनही गुडघा सहज वाकतो. जास्तीची लांबी घोट्याशी चुड्या होऊन साठते. हेच कापड सरळ बेतलं तर जरीकाम कितीही भारी असो, पाय अडकतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

कापडाचाही असाच अभ्यास हवा. मश्रूची चकाकणारी बाजू रेशमाची, तर अंगाला लागणारी सुताची. हिमरूत नक्षीचे जादा धागे उलट्या बाजूला मोकळे राहतात. अस्तर लावलं नाही तर ते बांगडीत, अंगठीत अडकतात. ही दोन्ही कापडं कडेला उसवतात, म्हणून शिवणीत माया जरा जास्त सोडावी आणि इस्त्री उलट्या बाजूने फिरवावी.

ही कापडं आज हाती लागतात, त्याचं बरंचसं श्रेय सुरैया हसन बोस यांना जातं. हिमरू ही औरंगाबादची ओळख, आणि १९४८पर्यंत मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता. मागणी आटल्यावर ही विणकामं मोडीत निघाली. सुरैयाबाईंनी हैदराबादेत हुसेन शाह वली दर्ग्याजवळ माग मांडले, जुन्या कापडांवरून नक्ष्या पुन्हा उतरवल्या आणि विधवा स्त्रियांना विणकाम शिकवून हिमरू, मश्रू, पैठणी, जामावार विणवून घेतलं. २०२१ साली त्यांचं निधन झालं. जुनी कला राखायची तर ती हातांना कमाई देणारी हवी, हे त्यांच्या मागांनी दाखवून दिलं.

घरच्या शिवणीलाही हाच हिशेब लागू पडतो. नवा घाट आधी स्वस्त मांजरपाटावर शिवून पाहावा. तो अंगावर नीट बसला की त्याचाच नमुना कागदावर उतरवून ठेवावा. हिमरूचा अख्खा पोशाख महाग जातो. त्यापेक्षा त्याचं जाकीट किंवा ब्लाउज शिवावं: कापड थोडं लागतं आणि नक्षीही उठून दिसते. किंमत ठरवताना कापड, अस्तर, किनार आणि बाजारातल्या खेपांबरोबर हातशिलाईचे तासही वहीत मांडावेत. अनेक घरांत हेच तास फुकट धरले जातात आणि महिनाभर राबूनही हाती काही उरत नाही. तुरपाई, काजं, टिकल्या यांची मजुरी बिलात वेगळी लिहिली, तर हातकामाचे पैसे का द्यायचे हे गिऱ्हाइकालाही कळतं.