हेलसिंकी ते टोकियो: नऊ तास की तेरा?

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि टोकियो यांच्यातले हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. २०२२च्या फेब्रुवारीपर्यंत फिनएअर या विमान कंपनीचे विमान ते साधारण साडेनऊ तासांत कापत असे. आता त्यालाच तेरा तासांच्या आसपास वेळ लागतो. शहरे जागच्या जागी आहेत, विमानेही तीच; मधली वाट तेवढी बंद झाली आहे.

भिंतीवरच्या नकाशावर या दोन शहरांना पट्टीने जोडले, तर रेघ कझाकस्तान, मंगोलिया आणि चीनवरून जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहिला, की तो उत्तरेला सरकून सायबेरियावर जातो. खरी जवळची वाट हीच, आणि ती जवळजवळ सगळी रशियाच्या हद्दीत. युरोपचे प्रवासी हेलसिंकीत गोळा करायचे आणि या वाटेने आशियात पोहोचवायचे, यावर फिनएअरने आपला धंदा उभारला होता. युक्रेन युद्ध पेटले, युरोपीय संघाने रशियन विमानांना आकाश बंद केले, रशियानेही उलट तेच केले.

मग जपानला जाताना कझाकस्तान, चीन, कोरियावरून वळसा सुरू झाला. परतीला पश्चिमेकडून येणारे जोरदार वारे विमानाच्या तोंडावर बसतात. म्हणून येताना अनेकदा प्रशांत महासागर, अलास्का आणि थेट उत्तर ध्रुव! हा मार्ग सुमारे १२,९०० किलोमीटरचा. ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र प्रवाशांना मिळू लागले. हौस म्हणून ठीक, पण जादा इंधनाचे बिल त्याने फिटत नाही.

गंमत अशी, की ही वाट जुनीच आहे. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश टाळण्यासाठी स्कॅन्डिनेव्हियन एअरलाइन्सने १९५७मध्ये कोपनहेगनहून ध्रुवावरून, अलास्कातल्या अँकरेजला थांबून टोकियो गाठले. १९८३मध्ये फिनएअरच्या डीसी-१० विमानाने याच वाटेने हेलसिंकी ते टोकियो अंतर मध्ये न थांबता पार केले. तेव्हाही सुमारे तेरा तासच लागले होते.

आपल्याकडचा अनुभव वेगळा नाही. रशियाचे आकाश टाळावे लागल्याने युनायटेड एअरलाइन्सने २०२२मध्ये मुंबई-नेवार्क थेट सेवा थांबवली. एअर इंडियाला ती वाट खुली राहिली. २०२३च्या जूनमध्ये तिचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियातल्या मगदानला उतरले, ते याच वाटेवर. पुढे एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावे लागले.

तेव्हा लांबचे तिकीट काढताना किलोमीटर मोजत बसू नका. वेळापत्रकात जाण्याचे आणि येण्याचे तास वेगवेगळे पाहा, स्थानिक वेळेतला फरक हिशेबात धरा आणि विमान मध्ये कुठे थांबते ते आधी विचारून घ्या.