बर्फावरील हॉकीचा स्माइथ विभाग

हॉकी म्हटले की आपणां भारतीयांना हिरवे मैदान आणि ध्यानचंद आठवतात. कॅनडात मात्र हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे येते ते बर्फ. पायांत धारदार पात्यांचे बूट घालून, गोलरक्षकासह सहा-सहा गडी सुमारे दोनशे फूट लांबीच्या गोठविलेल्या क्रीडांगणावर एका रबरी चकतीचा पाठलाग करतात. ही चकती तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची असून तिला ‘पक’ म्हणतात. या खेळातील धंदेवाईक संघांची सर्वांत मोठी संघटना म्हणजे ‘नॅशनल हॉकी लीग’, आणि तिचे सर्वोच्च पारितोषिक म्हणजे स्टॅन्ले चषक.

1974 साली लीगमधील संघांची संख्या अठरावर गेली, तेव्हा त्यांचे चार विभाग पाडण्यात आले. विभागांना दिशांची नावे न देता, खेळाची उभारणी करणाऱ्या चार पुरुषांची नावे दिली गेली : अ‍ॅडम्स, नॉरिस, पॅट्रिक आणि स्माइथ. यांपैकी कॉन स्माइथ हा टोरांटोचा. दोन्ही महायुद्धांत सैनिक म्हणून गेलेला, वाळू-खडीच्या व्यवसायात पैसा मिळविलेला हा करारी गृहस्थ. 1927 मध्ये त्याने आपल्या शहरातील संघ हाती घेऊन त्याचे ‘मेपल लीफ्स’ असे नामकरण केले व 1931 मध्ये त्यासाठी भव्य क्रीडागृह उभारले. गंमत अशी की, त्याच्या नावाच्या विभागात टोरांटोचा संघ एक दिवसही नव्हता!

प्रारंभीची काही वर्षे हा विभाग म्हणजे दूरदूरच्या संघांची मोट होती. 1981 व 1982 साली भौगोलिक सोयीनुसार फेरजुळणी झाली आणि पश्चिमेकडील एडमंटन, कॅल्गरी, व्हँकूव्हर, विनिपेग व लॉस एंजेलिस असे पाच संघ त्यात आले. त्याच सुमारास एक नियम लागू झाला, आणि माझ्या मते या विभागाचा खरा इतिहास त्या नियमातच आहे. साखळी सामने संपल्यावर प्रत्येक विभागातील पहिल्या चार संघांनी आपापसांतच दोन फेऱ्या झुंजावे. जो उरेल त्यानेच बाहेर पडावे. म्हणजे शेजाऱ्याला हरविल्यावाचून चषकाची वाटच मोकळी होत नसे.

अशा वेळी वैर वाढले नाही तरच नवल. 10 एप्रिल 1982 रोजी लॉस एंजेलिसमध्ये एडमंटनचा संघ दोन डावांअखेर 5–0 असा पुढे होता. साखळीत एडमंटनचे गुण 111, तर लॉस एंजेलिसचे अवघे 63. शेवटच्या डावात यजमानांनी पाच गोल केले, त्यांतील पाचवा केवळ पाच सेकंद उरले असताना, आणि जादा वेळेत सामना 6–5 असा जिंकला. पुढे ती मालिकाही त्यांनीच घेतली.

एडमंटन व कॅल्गरी ही एकाच आल्बर्टा प्रांतातील शहरे, परस्परांपासून सुमारे तीनशे किलोमीटरांवर. 30 एप्रिल 1986 रोजी या दोघांतील निर्णायक सातव्या सामन्यात एडमंटनच्या स्टीव्ह स्मिथने मारलेली चकती स्वतःच्याच गोलरक्षकाच्या पायाला लागून गोलात गेली. कॅल्गरी 3–2 ने विजयी झाले. त्या दिवशी स्मिथचा तेविसावा वाढदिवस होता. पुढील वर्षी एडमंटनने चषक जिंकला, तेव्हा कर्णधार वेन ग्रेट्झ्कीने तो सर्वांआधी स्मिथच्या हाती दिला. ग्रेट्झ्कीने 1981–82 च्या एका हंगामात 92 गोल केले होते; पण मला त्याची ही कृती अधिक मोठी वाटते.

ऑगस्ट 1988 मध्ये या ग्रेट्झ्कीलाच एडमंटनने लॉस एंजेलिसला देऊन टाकले. विभाग तोच! पुढच्याच एप्रिलमध्ये त्याच्या नव्या संघाने जुन्या संघाला पहिल्याच फेरीत स्पर्धेबाहेर घालविले. चषक मात्र कॅल्गरीने नेला. 1982 पासून 1990 पर्यंत सलग नऊ वर्षे अंतिम सामन्यांत या विभागाचा एक संघ होताच. 1984 ते 1990 या सात वर्षांत सहा चषक येथेच आले.

या वैभवाची किंमत विनिपेगने मोजली. 1984–85 मध्ये लीगच्या 21 संघांपैकी केवळ तीन संघांचे गुण त्यांच्यापेक्षा अधिक होते. परंतु दुसऱ्या फेरीत समोर एडमंटन उभे राहिले आणि चारही सामने विनिपेगने गमावले. 1983 ते 1990 या काळात बादफेरीत ही जोडी सहा वेळा भिडली, आणि सहाही वेळा हार विनिपेगचीच झाली. दुसऱ्या एखाद्या विभागात हाच संघ कितीतरी पुढे गेला असता असे मला वाटते. शेजार निवडण्याची मुभा मात्र त्याला नव्हती. 1996 मध्ये तो संघच आर्थिक ओढगस्तीमुळे अमेरिकेतील फीनिक्स शहरी निघून गेला.

1993 साली लीगने चारही नावे पुसून भौगोलिक नावे आणली. नव्या प्रेक्षकांना ती सोपी जातील, हा हेतू. स्माइथ विभागाच्या जागी ‘पॅसिफिक’ आला आणि विनिपेगला वेगळ्या विभागात धाडण्यात आले. विभागांतर्गत बादफेरीचा नियमही त्याच फेरबदलात गेला. 2013–14 पासून तो काहीशा निराळ्या रूपात परतला आहे, नावे मात्र परतली नाहीत. स्माइथचे नाव आता एका पारितोषिकात उरले आहे. चषकासाठीच्या सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडूला 1965 पासून ते दिले जाते, आणि त्याचा आकार टोरांटोच्या त्या क्रीडागृहासारखा घडविलेला आहे. एडमंटनच्या ग्रेट्झ्कीने ते 1985 व 1988 असे दोनदा मिळविले.