तेरजेतील नऊ

नवपद आणि नवतत्त्वे यांमुळे नऊ हा अंक जैन घरांत आदराचा. पेढीवर मात्र तो चुकीचा माग काढतो. तेरजेच्या दोन बाजू जुळेनात आणि फरकाला नवाने निःशेष भाग गेला, की जाणता मुनीम प्रथम उलटे पडलेले अंक शोधतो. ८१ चे १८ लिहिले गेले, तर फरक ६३. दहा म्हणजे नऊ अधिक एक, शंभर म्हणजे नव्व्याण्णव अधिक एक. म्हणून अंकांनी घरे बदलली, की रकमेतील फरक नवाच्या पटीतच पडतो. शून्य गळाले तरी तेच: ५,००० चे ५०० झाले, तर फरक ४,५००.

भागाकारही बोलका असतो. ६३ ला नवाने भागून सात येतात. तेव्हा एकं-दहं स्थानी सातच्या अंतराचे अंक पाहावेत, जसे आठ आणि एक. अर्थात नऊ रुपयांची एखादी नोंद राहून गेली, तरीही फरक असाच दिसेल. हा पुरावा नव्हे, केवळ सुगावा.

गंमत अशी, की अंकांची बेरीज करून, नऊ टाकून गुणाकार पडताळण्याच्या जुन्या रीतीतून नेमकी हीच चूक निसटते. ८१ काय नि १८ काय, बेरीज नऊच.