नळदुर्गच्या वाटेवरील हवालदार

दरसाल 17 सप्टेंबर उजाडला म्हणजे धाराशिव जिल्ह्यात ध्वज चढतात, भाषणे होतात, आणि 1948 साली निजामी राजवटीचा अंत कसा झाला याचे स्मरण वडीलधारी मंडळी मुलांस करून देतात. हे योग्यच होय. परंतु या स्मरणात एका मनुष्याचे नाव जितक्या वेळा यावयास हवे तितके येत नाही, असे आम्हांस वाटते. ते नाव हवालदार बचित्तर सिंग यांचे.

लुधियाना जिल्ह्यातील लोपो या खेड्यात 1917 साली जन्मलेले हे गृहस्थ वयाच्या अठराव्या वर्षी फौजेत शिरले. पुढे महायुद्ध आले. ते संपते न संपते तोच 1947 साली त्यांच्या पंजाबचे दोन तुकडे झाले. तेरा वर्षांच्या अशा चाकरीत शिपायाचा सारा संसार सुट्टीच्या दिवसांत मावावा लागतो. उरलेल्या दिवसांत घरच्यांनी टपालवाल्याची वाट पाहावी, आणि तो आल्यावर त्याच्या हातातील कागद कोणता या भीतीने पुढे होऊ नये, अशी ही स्थिती.

13 सप्टेंबर 1948 रोजी पहाटे चार वाजता मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांचे सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या रोखाने हैदराबाद संस्थानात शिरले. दुसऱ्या शीख पलटणीच्या एका कंपनीतील आघाडीची तुकडी बचित्तर सिंगांच्या हाताखाली होती. शत्रूचे ठाणे जवळ येताच दोन मोटारगाड्या भरधाव अंगावर येताना दिसल्या. गोळीबार चालू असता हवालदार स्वतः धावून गेले आणि दोन्ही गाड्या माणसांसह ताब्यात आल्या. पुढे एका मजबूत मोर्च्यावरून मारा सुरू झाला. त्यावर चाल करताना अवघ्या तीस यार्डांवर मशीनगनची फैर त्यांच्या मांडीत घुसली आणि ते कोसळले. तरी सरपटत पुढे जाऊन त्यांनी दोन हातबॉम्ब फेकले व ती मशीनगन बंद पाडली. मागे नेऊ लागले तर ते जाईनात. मोर्चा हाती येईपर्यंत आपल्या माणसांस धीर देत राहिले. त्याच दिवशी त्यांचा अंत झाला. वय एकतीस.

1952 साली सरकारने अशोकचक्र हा बहुमान स्थापिला आणि तो त्यांस मरणोत्तर दिला. हा बहुमान शत्रूसमोरील युद्धाखेरीज अन्यत्र गाजविलेल्या शौर्यासाठी असतो. हैदराबादच्या मोहिमेस 'पोलीस कारवाई' म्हटले गेले, तेव्हा कागदोपत्री ते युद्ध नव्हे! मांडीत शिरलेल्या गोळ्यांस हा भेद ठाऊक असण्याचे कारण नव्हते. असो, तुंगभद्रेच्या रेल्वेपुलावरील पराक्रमाबद्दल नाईक नरबहादूर थापा यांसही याच मोहिमेतील हाच मान मिळाला.

मरण नळदुर्गास आले, सुतक लोपोस पाळले गेले. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरून आज ज्यांचा माल निर्धास्त जातो, त्या व्यापारी बंधूंस आमचा एक साधा प्रश्न आहे: आपल्या गावच्या माजी सैनिकाची विधवा निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन पेढीवर येते, तेव्हा तिला अर्ज कोण भरून देतो, आणि व्याजाने पैसे कोण देऊ पाहतो? हुतात्म्याच्या तसबिरीस हार घालावयास खर्च फारसा पडत नाही. त्याच्या माणसांस कचेरीत सोबत करावयास मात्र अर्धा दिवस दुकान बंद ठेवावे लागते, आणि तो अर्धा दिवस आमच्यापैकी पुष्कळांस जड जातो.

यंदा मुक्तिदिनाचा समारंभ नळदुर्गकरांनी चार दिवस आधी, 13 तारखेसच आरंभावा. शाळेच्या मुलांकडून एक पत्र लिहवून घ्यावे आणि ते लोपोच्या ग्रामपंचायतीस पाठवावे. मराठीत असले तरी चालेल. वाचून दाखविणारा तेथे कोणीतरी निघेल.