झोप आली म्हणजे औषध लागू पडलं?

सर्दीची गोळी घेतली, तासाभरात डोळे मिटायला लागले, की माणूस समाधानाने म्हणतो, "औषध लागू पडलं." आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात ही गोळी नसलेलं घर शोधावं लागेल. सातगाव पठारावर बटाटा काढताना धुळीने नाक वाहतं, कांद्याच्या बराकीत काळी बुरशी उडते, ऊस तोडताना कुसं अंगात शिरतात, बांधावरचं गाजरगवत लागून हातांची कातडी खाजून लाल होते. मग मंचरच्या एखाद्या मेडिकलसमोर गाडी थांबते. "अंगावर पित्त उठलंय, काहीतरी द्या," एवढं सांगितलं की चार गोळ्या कापून मिळतात. त्या बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिनच्या, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत 'सीपीएम'च्या असतात. नाहीतर फेनिरामिनची एव्हिल किंवा हायड्रॉक्सिझिनची अ‍ॅटॅरॅक्स असते.

ही औषधं वाईट नाहीत. योग्य माणसाला, योग्य मात्रेत, योग्य वेळी दिली तर ती खाज आणि शिंका नक्की थांबवतात. अडचण आहे ती त्यांच्याबद्दलच्या समजुतींची, आणि त्यातली सगळ्यात पक्की समजूत झोपेचीच.

अ‍ॅलर्जीत शरीरातल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. त्यामुळे नाकातून पाणी येतं, त्वचेवर गांधी उठतात, खाज सुटते. अँटिहिस्टामिन गोळी हिस्टामिनची जागा अडवून बसते आणि त्रास कमी होतो. पण हेच हिस्टामिन मेंदूत वेगळं काम करतं. तिथे ते आपल्याला जागं आणि सावध ठेवतं. जुन्या पिढीची औषधं रक्तातून सहज मेंदूत शिरतात आणि तिथल्या जागाही अडवतात. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन हे मोजलं आहे. आपल्याकडच्या चार मिलिग्रॅमच्या सीपीएम गोळीच्या तोडीच्या मात्रेने मेंदूतल्या या जागांपैकी निम्म्याच्या आसपास जागा व्यापल्या जातात. फेक्सोफेनाडिनसारख्या नव्या औषधाने जवळजवळ एकही जागा व्यापली जात नाही. खाज मात्र दोन्हींनी थांबते. म्हणजे झोप हा औषधाच्या जोराचा पुरावा नाही, तो नको असलेला परिणाम आहे. अंगावर वारंवार गांधी उठणाऱ्या रुग्णांसाठीच्या आंतरराष्ट्रीय उपचार-सूचनाही हेच सांगतात. आधी झोप न आणणारं औषध द्यावं. ते पुरेसं ठरलं नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याचीच मात्रा वाढवावी. झोपेचं जुनं औषध हा त्यावरचा 'जोरकस' पर्याय मानलेला नाही.

दुसरी समजूत पहिलीपेक्षा घातक आहे: "मला सीपीएमने झोप येत नाही, मला चालते." मंचर, कळंब, नारायणगावहून रात्री भाजीपाला भरून वाशीला आणि पुण्याला जाणारे टेम्पोचालक हे ठामपणे सांगतात, आणि त्यांना खरंच तसं वाटत असतं. पण झोप येत असल्याची जाणीव आणि सावधपणा कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात यावर एक प्रयोग झाला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. चाळीस जणांना गाडी चालवण्याच्या कृत्रिम यंत्रात बसवलं. त्यांना वेगवेगळ्या दिवशी डायफेनहायड्रामिन (खोकल्याच्या अनेक सिरपमधलं जुनं अँटिहिस्टामिन), फेक्सोफेनाडिन, दारू आणि बिनऔषधाची गोळी दिली. गाडी सर्वांत वाईट चालवली गेली ती डायफेनहायड्रामिन घेतल्यावर. दारूच्या दिवसापेक्षाही वाईट. आणि कुणाला किती झोप आल्यासारखं वाटत होतं, यावरून त्याने गाडी किती वाईट चालवली याचा अंदाज बांधता येत नव्हता. या शेवटच्या निष्कर्षाकडे प्रत्येक चालकाने लक्ष द्यावं, असं मला कळकळीने वाटतं. आपल्या सावधपणाची परीक्षा आपणच घेऊ शकत नाही, कारण ज्या मेंदूने ती घ्यायची तोच मंदावलेला असतो.

"रात्री घेतली, सकाळी उतरली" हेही खरं नाही. क्लोरफेनिरामिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला प्रौढ माणसाला साधारण वीस तास लागतात, काहींना त्याहून जास्त. हायड्रॉक्सिझिनचंही जवळपास तसंच, आणि वृद्धांमध्ये आणखी लांबतं. रात्री दहाला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारी खेड घाटातल्या वळणावरही अंगात असते. आणि गोष्ट फक्त गाडीची नाही. कडबाकुट्टीत पेंढी सरकवणारा हात, मळणी यंत्राचा पट्टा, रात्रपाळीची वीज आली म्हणून मोटार सुरू करायला अंधारात विहिरीच्या काठाने जाणं, बिबट्याच्या भागात उसाच्या कडेने एकट्याने चालणं, या सगळ्यात क्षणभराचा उशीर महागात पडतो. गोळीवर दारू घेतली तर गुंगी आणखी वाढते. अल्प्राझोलामसारखी झोपेची आणि ट्रामाडोलसारखी वेदनेची औषधं सोबत घेतली तरी तेच होतं.

आता एक अशी गोष्ट जी पाकिटावर लिहिलेली असते, पण वाचली जात नाही. एकच औषध अनेक नावांनी घरात शिरतं. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल आणि फेनिलेफ्रिनबरोबर सीपीएम असतं. खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये सीपीएम किंवा डायफेनहायड्रामिन असतं. म्हणजे सर्दीची गोळी, खोकल्याचं सिरप आणि खाजेसाठी एव्हिल असं तिन्ही घेणारा माणूस तीन वेगळी औषधं घेत नसतो. तो एकाच जातीच्या औषधाची तिप्पट भर घालत असतो. माळशेज घाटातून कल्याणला जाताना किंवा भीमाशंकरला चढताना गाडी लागू नये म्हणून जी अवोमिन घेतली जाते, तिच्यात प्रोमेथाझिन असतं. तेही याच घराण्यातलं आणि चांगलीच गुंगी आणणारं. मागच्या सीटवरच्या प्रवाशाने ती घेतली तर ठीक, पण पुढे स्टिअरिंगवर बसणाराही ती घेतो. मूल जेवत नाही म्हणून आणलेल्या 'भूक लागायच्या' अनेक सिरपमध्ये सायप्रोहेप्टाडिन असतं. तेही अँटिहिस्टामिनच. मूल जास्त जेवतं आणि जास्त झोपतं, आणि आईवडिलांना दोन्ही चांगलं वाटतं. पण मूल का जेवत नव्हतं हे कुणी तपासत नाही. जंत, रक्ताची कमतरता, क्षय यांपैकी काही असेल तर ते तसंच आत राहतं.

मुलांच्या बाबतीत मात्र मऊ भाषेत बोलायची ही वेळ नाही. "सर्दीचं सिरप दिलं की बाळ शांत झोपतं" हे वाक्य ऐकलं की काळजात धस्स होतं. लहान मुलाचा मेंदू आणि श्वास दोन्ही या औषधांना लवकर बळी पडतात. काही मुलं झोपण्याऐवजी उलट चिडतात, थयथयाट करतात, आणि घरचे त्याला आणखी एक चमचा देतात. जास्त मात्रेत ठोके वाढतात, ताप चढतो, झटके येतात. प्रोमेथाझिनने दोन वर्षांखालच्या बाळांचा श्वास मंदावून मृत्यू झाल्याचं दिसल्यावर २००४ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्या देशात डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तसं लेबलवर छापावं, असं सांगितलं.

तरीही २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात काय झालं ते आपण पाहिलं. तिथली मुलं उपचारासाठी नागपूरला आणली गेली आणि अनेक दगावली. त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले ते सिरपमध्ये सापडलेल्या डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकामुळे. सीपीएममुळे नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. पण ते सिरप नेमकं हेच मिश्रण होतं, आणि दगावलेली बरीच मुलं पाच वर्षांखालची होती. त्यातल्या चार वर्षांखालच्यांना तर ते द्यायचंच नव्हतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत. बाळाची साधी सर्दी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, अंगावरचं दूध, कोमट पाणी आणि काही दिवस यांनीच जाते. छाती आत ओढली जात असेल, श्वास भराभर चालत असेल, बाळ पीत नसेल तर सिरप शोधत बसू नका. थेट दवाखाना गाठा.

घरातल्या आजोबांचं दुखणं वेगळं दिसतं. सर्दीची गोळी दोन दिवस घेतली आणि लघवी तुंबली, पोट फुगलं, नळी टाकायला न्यावं लागलं. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत हा धोका जास्त असतो, कारण ही औषधं मूत्राशयाचं आकुंचनही दाबतात. त्यांनीच तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातला दाब एकदम चढतो. आजी रात्री उठून असंबद्ध बोलायला लागली, अंगणात पडली, की "वय झालं" म्हणून सोडून दिलं जातं. त्या वेळी आधीच्या दोन दिवसांत कोणती गोळी सुरू झाली हे आधी बघा. अमेरिकेतल्या वृद्धोपचार संघटनेच्या यादीत ही जुनी अँटिहिस्टामिन्स ज्येष्ठांनी टाळायच्या औषधांत फार पूर्वीपासून आहेत.

झोप लागत नाही म्हणून रोज रात्री एव्हिल किंवा सीपीएम घेणारेही बरेच आहेत. तीन-चार दिवसांत शरीर तिला सरावतं आणि झोपेचा गुण ओसरतो. तोंडाचा कोरडेपणा आणि दुसऱ्या दिवशीची सुस्ती मात्र राहते.

मग काय घ्यावं? फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन ही नव्या पिढीतली, नेहमीच्या मात्रेत झोप जवळजवळ न आणणारी औषधं. सेट्रिझिनलाही लोक 'बिनझोपेची' म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. तिच्या चाचण्यांत दहा मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांना झोप आली, तर बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांना. तेव्हा पहिल्यांदा घेताना ती रात्री, घरी घ्यावी. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी लागते. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबर घ्यावी, कारण संत्री-सफरचंदाच्या रसाबरोबर ती अंगात नीट शोषली जात नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने गुंगीची औषधं विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण बाळही सुस्तावतं. मेडिकलमध्ये बोलताना नुसतं "सर्दीची गोळी द्या" म्हणण्यापेक्षा तीन गोष्टी सांगा: मी गाडी चालवतो की नाही, माझं वय आणि जुनी दुखणी काय, आणि घरात आधीच कोणतं औषध सुरू आहे. औषध नियमांच्या अनुसूची 'जी'मध्ये जुनी अँटिहिस्टामिन्स आहेत. वैद्यकीय देखरेखीशिवाय हे घेणं धोक्याचं आहे, असा इशारा त्यांच्या पाकिटावर छापणं बंधनकारक आहे. सुटी कापून दिलेल्या चार गोळ्यांवर तो इशारा येत नाही. म्हणून पूर्ण पट्टी दाखवायला सांगा आणि औषधाचं नाव लिहून घ्या.

राहिली ती या भागातली सर्वांत जिवावरची समजूत: "साप चावला, एव्हिल टोचून घेतलं, आता भीती नाही." एव्हिल सापाच्या विषावर काहीही करत नाही. विषावर काम करतं ते प्रतिसर्पविष, आणि ते सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं. जवळच नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी कित्येक वर्षं सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार केले आहेत, म्हणजे याच दोन तालुक्यांत या विषयाचं ज्ञान आहे. प्रतिसर्पविषाची रिअ‍ॅक्शन टाळायला आधी अँटिहिस्टामिन द्यावं, हाही जुना विश्वास. श्रीलंकेत हजाराहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रोमेथाझिनने रिअ‍ॅक्शन टळली नाही. अ‍ॅड्रेनॅलिनच्या छोट्या डोसने मात्र गंभीर रिअ‍ॅक्शन कमी झाल्या. आग्यामोहोळाच्या माश्या चावून जीभ-घसा सुजला, धाप लागली, चक्कर आली, तेव्हाही हेच. मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिन हेच पहिलं औषध. एव्हिल खाज कमी करेल, पण बंद होत चाललेला घसा उघडणार नाही.

मण्यार चावल्यावर तर एव्हिल आणखी घातक ठरतं. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, आणि मग पापण्या जड होऊन खाली येतात. त्यानंतर बोलणं, गिळणं आणि श्वास बंद पडत जातो. अशा माणसाला एव्हिल टोचून घरी झोपवलं तर पापण्या कशाने मिटल्या, विषाने की इंजेक्शनने, हे घरच्यांना कळत नाही. डॉक्टरांनाही ओळखायला उशीर होतो. त्यामुळे सर्पदंशाची नुसती शंका असली तरी अवयव हलू न देता, बांधाबांध आणि चिरा न करता, १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने मंचरचं उपजिल्हा रुग्णालय गाठावं. चोवीस तास तिथेच देखरेखीखाली राहावं. वाटेत कुणी इंजेक्शन किंवा गोळी दिली असेल तर तिचं नाव आणि वेळ डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावी.